डबीतली नाळ

पाय आधी ओले होतात. मग वास येतो, तुमच्या चांगल्या ओळखीचा: ओहोटीत उघडा पडलेला चिखल, शेवाळ, खडकांवर वाळणारं मीठ. डोळे मिटलेले ठेवलेत तर हा वेंगुर्ल्याचा किनारा वाटेल. आता उघडा. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरला आहे आणि त्याच्या पायथ्याशी लाकडी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, काही तर इतकी काठाला की भरतीच्या वेळी घरात बसून गळ टाकता यावा. वर्ष 1931. जपानच्या क्यूशू बेटावरचा मिनामाता उपसागर.

हा उपसागर ज्या समुद्रात उघडतो त्याचं नाव शिरानुई. कुणाचा ते न कळणारा अग्नी, असा त्याचा अर्थ. उन्हाळा सरताना काही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग लागलेली दिसते. जवळ जावं तर तिथं काहीच नसतं. मुख्य भूमी आणि आमाकुसा बेटं यांच्या मधे अडकलेला हा समुद्र आहे, म्हणून लाटा मऊ आणि पाणी माशांनी भरलेलं. बायका कालवं काढायला उतरल्या आहेत. एक म्हातारा कोंडा मळून गोळे करतोय, बोय मासा त्याला भुलतो म्हणून. होड्यांतून तारली उतरते, वाकट्या उतरतात, खेकडे, माकूल. प्रत्येक घरापुढे जाळी वाळताहेत आणि प्रत्येक जाळ्याजवळ एक मांजर आहे. जाळं कुरतडणाऱ्या उंदरांवर त्याचा पहारा असतो.

घरात शिरा. कुणी अडवणार नाही, तुम्ही कुणाला दिसत नाही. जेवणं चालली आहेत. भात बेताचाच, पण माशाला तोटा नाही. आजी गरोदर सुनेच्या वाडग्यात मधला जाड तुकडा घालते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी सगळ्यांत ताजा मासा बाजूला काढून ठेवलाय. धाकट्या पोराला काटे काढून भरवलं जातं. शेपटीकडचं आजी स्वतः घेते आणि डोकं मांजराला टाकते. हे नियम तुम्हाला कुणी समजावायला नकोत. आपल्या घरांतही ते असेच आहेत. मी तुम्हाला इथं मुद्दाम थांबवते आहे. आधी कुणाला, मग कुणाला, हा क्रम नीट बघून ठेवा. विष पुढे याच क्रमाने वाढलं जाणार आहे.

बाहेर आलात की गावामागची धुराडी दिसतील. तिथं 1908 पासून कार्बाइड बनतं, आपल्याकडे आंब्याच्या अढीत लपवून ठेवतात तेच. कार्बाइडपासून खत, खतापासून पैसा. कंपनीचं नाव पुढे चिस्सो पडलं. गावात नोकऱ्या आल्या, दुकानं वाढली, आणि कारखान्यात चिकटलेल्या मुलाला सोयरीक चटकन मिळू लागली. नाल्यातून बंदरात पडणाऱ्या पाण्याने मासळी घटते अशी मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. 1926 मध्ये कंपनीने त्यांना थोडे पैसे दिले. ते भरपाई म्हणून दिले नाहीत, सहानुभूती म्हणून दिले, आणि पुन्हा तक्रार करणार नाही असं लिहून घेतलं. तो कागद लक्षात राहू द्या. तेहतीस वर्षांनी तसाच दुसरा लिहिला जाणार आहे.

आता एकच वर्ष पुढे या. 1932. ह्याक्केन बंदरात नाल्याचं तोंड आहे, तिथं उभे राहा. कारखान्यात या वर्षी ॲसिटाल्डिहाइड बनायला लागलं आहे. व्हिनेगारमधलं आम्ल त्यातून बनतं. पुढे प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यंही त्यातूनच बनतील आणि सगळ्या जपानला ती हवी असतील. कार्बाइडमधून निघालेला ॲसिटिलीन वायू पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणातून सोडायचा, की झालं. पारा इथं नुसता मदतीला असतो. पण दर खेपेला तो थोडा वाया जातो, आणि वाया जाणाऱ्यातला काही भाग त्याच पात्रात रूप बदलतो. मिथाइल पारा होतो.

पारा म्हटलं की तुम्हाला फुटलेला थर्मामीटर आठवेल आणि जमिनीवर पळणारे चंदेरी मणी. हा पारा तसा दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो माशाच्या चरबीत नसतो, मांसात मुरलेला असतो, म्हणून धुऊन, उकळून, भाजून, वाळवून जात नाही. शरीरात शिरल्यावर तो एका अमिनो आम्लाला चिकटतो, आणि ती जोडी शरीराला लागणाऱ्या दुसऱ्या एका अमिनो आम्लासारखी, मेथिओनिनसारखी, दिसायला लागते. मेंदूच्या दारावर कडक पहारा असतो. तो भलतंसलतं आत सोडत नाही. या जोडीला मात्र तो घरचं अन्न समजून आत घेतो. गर्भाच्या दारावरही तेच होतं.

नाल्याचं पाणी समुद्रात पडतंय. एवढ्या अफाट पाण्यात एवढंसं काय करणार, हे वाक्य जगात प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी बोललं गेलं आहे. समुद्र मोठा आहे हे खरंच. पण त्यातला प्लवक सुईच्या टोकाएवढा आहे. तो कण कण गोळा करतो. प्लवकाला कोळंबी खाते, कोळंबीला तारली, तारलीला वाकटी, आणि प्रत्येक तोंडात आधीच्या हजारो घासांचा पारा साठत जातो. पाण्यात जे मोजताही येणार नाही इतकं विरळ होतं, ते शेवटच्या माशात लाखो पटींनी दाट झालेलं असतं. आपण वाहून गेलं म्हणतो तेव्हा समुद्र ते गोळा करत असतो.

पुढची एकोणीस वर्षं झरझर जाऊ द्या. युद्ध आलं, गेलं. 1951 मध्ये कारखान्याने त्या प्रक्रियेतलं एक साहाय्यक रसायन बदललं, उत्पादन वाढत गेलं, आणि नाल्यातला मिथाइल पाराही. ही प्रक्रिया ज्याने बसवली तो अभियंता तोवर गावाचा महापौर झाला होता.

ऑगस्ट 1954. उपसागराच्या दक्षिणेला मोदो नावाची वाडी आहे, तिथं तुम्ही रात्री उतरता. एक मांजर अंगणात उभं आहे. तोंडातून लाळ गळते. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. ते गोल फिरायला लागतं, सावकाश, मग वेगाने, मग डोक्यावर उभं राहायचा प्रयत्न केल्यासारखं उसळतं, भिंतीवर आपटतं, पुन्हा उसळतं. माणसं याला मांजरांचा नाचरा रोग म्हणतात. तुम्ही त्याला धरायला वाकता आणि तुमचा हात हवेतून जातो. मांजर धावत सुटतं, धक्क्याच्या कडेपर्यंत जातं आणि थांबत नाही. पाण्याचा आवाज येतो. पोहणं त्याला माहीत होतं. पाय आता ऐकत नव्हते.

सकाळी किनाऱ्यावर चाला. शिंपल्या उघड्या पडल्या आहेत, आत मेलेलं मांस. शेवाळ विटून सुटलेलं. मासे पाण्यावर तरंगताहेत आणि हाताने उचलता येतात. एक कावळा उडता उडता कलतो आणि दगडासारखा खाली येतो. त्या महिन्यात कुमामोतोच्या एका वृत्तपत्राने छोटी बातमी छापली: मोदोतली मांजरं जवळजवळ सगळी मेली आहेत, उंदीर माजले आहेत, लोकांनी नगरपालिकेकडे उंदीर मारायची मदत मागितली आहे. तिथल्या कुणीतरी शेजारच्या गावातून नवी मांजरं आणली. तीही मेली.

या बातमीपाशी मी दरवेळी अडखळते. सगळं त्यात होतं. मांजर आणि माणूस एकाच माशावर जगत होते. मांजराचं शरीर लहान, म्हणून त्याची पाळी आधी आली. माणसांच्या आजाराची नोंद अजून दोन वर्षांवर होती, आणि दोन वर्षं काही थोडी नसतात. पण मेलेल्या मांजरांची चौकशी करायला कोण जाणार? उंदरांचं औषध मात्र मागता येतं.

एप्रिल 1956. त्सुकिनोउरा वाडीतली पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्या दवाखान्यात आणली आहे. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. काही आठवड्यांपूर्वी ही पोर ओहोटीत खेळत होती. आधी तिला काड्यांनी घास उचलता येईना. मग चप्पल पायात राहीना. मग बोलणं बोबडं झालं. आता हात वाकडे होऊन छातीशी आवळले आहेत, आणि ती रडते तो आवाज माणसाच्या गळ्यातून येतोय असं वाटत नाही. थोड्याच दिवसांत तिची धाकटी बहीण येते. मग शेजारचे. 1 मे रोजी दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे आरोग्य केंद्राला कळवतात की मेंदू आणि मज्जासंस्थेचा कारण न कळणारा आजार पसरतो आहे.

हा दिवस पुढे त्या आजाराचा जन्मदिवस मानला गेला. वाडीत त्या दिवसांत काय घडलं तेही बघा. पांढऱ्या कपड्यातली माणसं येऊन घरं औषधाने धुतात. साथ आहे असं ठरतं. रुग्णांना संसर्गजन्य रोगांच्या विभागात नेतात. दुकानदार त्या घरातल्या बाईच्या हातून पैसे घेत नाही, काड्यांनी उचलतो. लोक त्या घरापुढून नाक दाबून पळतात. आणि ती आजी आठवते? घरातली आजारी पोर अशक्त झाली आहे, तिला ताकद यायला हवी, म्हणून आजी पहाटे उठून ओळखीच्या होडीवरून सगळ्यांत ताजा मासा आणते. काटे काढते. चमच्याने भरवते. तुम्ही ओरडता. तुमच्या घशातून आवाज फुटत नाही. ती आणखी एक घास भरवते, कौतुकाने, कारण आज पोरीने तो ओकून टाकला नाही.

मिथाइल पाऱ्याने मेंदूत काय केलं ते पुढे शवविच्छेदनांत दिसलं. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या बारीक पेशी झडल्या होत्या. दृष्टीचा भाग आक्रसला होता, म्हणून रुग्णांना बाजूचं दिसेना. जग नळीतून बघितल्यासारखं झालं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग बधिरपणा. कोळ्याच्या बोटांना गळाच्या दोरीवरचा मासा कळेना.

1956 सरता सरता कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही साथ नाही, जड धातूची विषबाधा आहे आणि ती माशांतून येते. 1957 च्या वसंतात आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी बाहेरून आणलेल्या निरोगी मांजरांना उपसागरातले मासे खायला घातले. ती नाचायला लागली. आणखी कसला पुरावा हवा होता? प्रांताने केंद्र सरकारला विचारलं, अन्न स्वच्छता कायद्याखाली इथली मासेमारी बंद करता येईल का. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं: उपसागरातले सगळेच मासे विषारी आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून हा कायदा लावता येणार नाही. डब्यातल्या अन्नातून विषबाधा झाली तर डबे बाजारातून उचलतात. त्यात नेमकं कोणतं रसायन होतं हे ठरेपर्यंत लोकांना जेवू देत नाहीत. इथं समुद्राला तो न्याय लागला नाही. लोक जेवत राहिले.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1958 मध्ये, कारखान्याने नाला वळवला. बंदराऐवजी सांडपाणी आता मिनामाता नदीच्या मुखाशी पडू लागलं, मोकळ्या समुद्राच्या तोंडावर. काही महिन्यांत तिथं, आणि मग वरच्या अंगाच्या गावांत, पूर्वी जिथं कुणी आजारी नव्हतं तिथं, हात थरथरू लागले. कुणाला नकाशावर बोट ठेवून सिद्धच करायचं असतं तर याहून स्वच्छ प्रयोग झाला नसता.

आता मी तुम्हाला एका खोलीत नेते. तिथं जास्त वेळ थांबायचं आहे.

कारखान्याचा दवाखाना, 1959 चा उन्हाळा. मागच्या बाजूला पिंजरे आहेत. डॉ. होसोकावा दोन वर्षांपासून मांजरांवर प्रयोग करताहेत आणि प्रत्येक मांजराला क्रमांक आहे. जुलैमध्ये ते क्रमांक 400 निवडतात. याच्या खाण्यावर मासा नाही, ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी ओतलं जातं, थेट. त्याच आठवड्यात कुमामोतो विद्यापीठ जाहीर करतं की दोषी सेंद्रिय पारा आहे. नाल्याच्या तोंडाजवळच्या चिखलात एका टनाला दोन किलो पारा सापडतो, खाणीतल्या धातुकाइतका. बाहेर राहणाऱ्या माणसांच्या केसांत दशलक्षात चार भाग पारा मिळतो. इथल्या एका रुग्णाच्या केसांत 705. कंपनी म्हणते, आमच्याकडचा पारा सेंद्रिय नाहीच. कुणी तज्ज्ञ म्हणतो युद्धानंतर नौदलाने समुद्रात बुडवलेला दारूगोळा गळत असेल. कुणी म्हणतो मासे सडके असतील. समुद्राकाठी जन्म गेलेल्या माणसांना सडका मासा ओळखता येत नाही, असं.

मांजर क्रमांक 400 खातं. दिवस जातात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्याला थरथर सुटते. लाळ. मग ते पिंजऱ्यात गोल फिरायला लागतं. मोदोच्या अंगणात पाहिलंत तेच, पायाखाली फक्त लोखंडी जाळी आहे. डॉक्टर बघत उभे आहेत. साठीला टेकलेला माणूस, पांढरा कोट. पहिल्या मुलीला तपासलं तेही याच हातांनी. ते वहीत नोंद करतात. मग ते वर जातात आणि कंपनीच्या माणसांना सांगतात. प्रयोग थांबवा, असा निरोप येतो. नवं सांडपाणी मिळणार नाही. निष्कर्ष बाहेर जाणार नाही.

आणि तो गेला नाही. अकरा वर्षं. जुलै 1970 मध्ये रुग्णालयातल्या खाटेवरून, कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत, होसोकावांनी रुग्णांच्या खटल्यात न्यायालयासाठी साक्ष दिली आणि मांजर क्रमांक 400 ची गोष्ट शपथेवर सांगितली. त्याच ऑक्टोबरात ते गेले. मी त्यांच्याविषयी खूपदा विचार केला आहे. आजार त्यांनी कळवला, प्रयोग त्यांनी केला, शेवटी साक्षही त्यांनीच दिली. आणि मधल्या अकरा वर्षांत जन्मलेली मुलं त्यांच्या मौनाच्या काळात जन्मली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसत नाही.

1959 चा शेवट पटकन बघून घ्या. नोव्हेंबरात शिरानुईच्या काठचे मच्छीमार कारखान्यात घुसले, काचा फुटल्या, अटका झाल्या. 24 डिसेंबरला सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं उद्घाटन झालं. कंपनीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. ते यंत्र मिथाइल पारा काढण्यासाठी बांधलेलंच नव्हतं, आणि ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्यातून जातही नव्हतं. पण गावाने तो पेला पाहिला होता, आणि पुष्कळांनी पुन्हा मासे आणायला सुरुवात केली. 30 तारखेला, वर्ष संपायच्या आदल्या दिवशी, तो दुसरा कागद आला. सहानुभूतीचे पैसे: मृत्यूला तीन लाख येन, आजारी मुलाला वर्षाला तीस हजार. आणि एक अट. पुढे कारखानाच जबाबदार असल्याचं ठरलं तरी नवी मागणी करायची नाही. कंपनी हे कलम लिहीत होती तेव्हा मांजराचा निकाल तिच्या कपाटात होता. अंगठे उठले. घरात तांदूळ नव्हता.

1961. उन्हाळ्याची दुपार. एका घराच्या ओटीवर दोन भाऊ बसले आहेत. दोघांचे हात सारखेच वाकडे, दोघांचं बोलणं सारखंच अडखळणारं. दारात एक तरुण डॉक्टर उभा आहे, हारादा मासाझुमी. दोघांनाही मिनामाताचा आजार का, असं तो विचारतो. आई सांगते, थोरल्याला आहे. धाकट्याला नाही, त्याला जन्मजात मेंदूचा पक्षाघात आहे असं डॉक्टर म्हणतात, कारण त्याने कधी मासा खाल्लाच नव्हता. हारादा मान डोलावतो. पुस्तकात हेच होतं: वार गर्भाचं रक्षण करते, विष तिच्यापलीकडे जात नाही. मग ती आई त्याच्यावर चिडते. मासा मी खाल्ला, तेव्हा हा माझ्या पोटात होता. याच्यासारखीच या वाडीत आणखी मुलं आहेत, त्याच वर्षांत जन्मलेली. डॉक्टरांना एवढं कळत नाही?

ती बरोबर होती. नोव्हेंबर 1962 मध्ये अशा सोळा मुलांचं निदान एकदम बदललं गेलं: मिनामाताचा आजार, जन्माआधी झालेला. वार हे विष अडवत नव्हतीच. ते पलीकडे ओढून घेत होती, कारण वाढत्या जिवाला लागणारी अमिनो आम्लं ओढून घेणं हे तिचं कामच आहे. बाळाच्या रक्तात आईच्या रक्ताहून जास्त पारा मिळत होता. आई बऱ्याचदा धडधाकट दिसायची. तिच्या अंगातलं विष पोटातल्या लेकराने स्वतःकडे घेतलं होतं. आजीने सुनेच्या वाडग्यात घातलेला मधला जाड तुकडा शेवटी इथं पोचला.

आता ओटीवरून आत या. फडताळाच्या खणात एक लाकडी डबी आहे, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. उघडा. कापसात गुंडाळलेला काळसर, वाळका तुकडा. ही नाळ आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, अंगणात किंवा शेताच्या बांधाला. कुणी एखाद्या जागी सारखं परत जाऊ लागला की आपण विचारतो, तिथं नाळ पुरली आहे का तुझी? जपानी आया ती वाळवून अशा डबीत जपतात. डबीवर बाळाचं नाव असतं, आईचं नाव असतं आणि जन्माची तारीख असते.

तारीख. हारादाच्या हे लक्षात आलं. कंपनी नोंदी दडवू शकत होती, वर्षं उलटल्यावर रक्तात काही उरत नव्हतं, केस कापले गेले होते. पण या काठावरच्या घराघरांत, खणाखणांत, एकेका बाळाच्या जन्मदिवशीचा समुद्र वाळवून ठेवलेला होता. तो दारोदार फिरला. लेकरू जिवंत नसलेल्या आयांनी ती डबी छातीशी धरून ठेवली असेल, मग दिली. नाळांमधला पारा मोजून तारखेप्रमाणे मांडला. ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन ज्या वर्षांत चढलं त्या वर्षांत तो चढत होता, उतरलं तेव्हा उतरत होता. कारखान्याचा खरा हिशेब आयांनी कपड्यांखाली ठेवलेल्या डब्यांत होता.

इथून पुढे माझे पाय भराभर उचलतात. 1965 मध्ये नीगाता प्रांतात आगानो नदीकाठी तोच आजार निघाला. तिथं दुसऱ्या कंपनीचा कारखाना तेच रसायन त्याच रीतीने बनवत होता. मिनामाताची पहिली मुलगी दवाखान्यात आली त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती. मे 1968 मध्ये चिस्सोने ही प्रक्रिया बंद केली, ती जुनाट होऊन परवडेनाशी झाल्यावर. सरकारने कारखान्याचं सांडपाणी हेच कारण असल्याचं मान्य केलं ते त्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबरात. 20 मार्च 1973 रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि 1959 चा तो सहानुभूतीचा कागद रद्दबातल केला, नीतीला सोडून आहे म्हणून. न्यायालयाच्या दारात उभे राहून बघा. कुणी नाचत नाही. चाकांच्या खुर्च्यांवर बसलेली मुलं आईकडे बघतात, तिचा चेहरा वाचायला.

उपसागराचं काय झालं? 1974 मध्ये त्याच्या तोंडावर जाळं ताणलं गेलं, आतला मासा बाहेर जाऊ नये म्हणून. मच्छीमारांना आता मासे पकडून नष्ट करण्याचे पैसे मिळत. ज्या हातांनी समुद्र विकला नाही कधी, त्या हातांनी त्यांनी तो पिंपांत भरला. 1977 ते 1990, तेरा वर्षं, तळाचा चिखल उपसला गेला: दशलक्षात 25 भागांहून जास्त पारा असलेला पंधरा लाख घनमीटर गाळ. तो उपसागराच्याच आतल्या कोपऱ्यात टाकला, पोलादी भिंतींनी कोंडला, वर स्वच्छ माती घातली. 58 हेक्टर नवी जमीन झाली. जाळं 1997 मध्ये काढलं.

आज. तुमच्या पायाखाली गवत आहे. पायवाटा, झाडं, बाकं, सकाळी फिरणारी माणसं. रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी स्वतः कोरलेल्या छोट्या दगडी मूर्ती काठावर उभ्या आहेत, तोंडं समुद्राकडे. जगाने पाऱ्यावर निर्बंध घालणारा करार 2013 मध्ये केला तेव्हा त्याला याच गावाचं नाव दिलं. 1954 च्या त्या मांजरांमागून आलेल्या माणसांपैकी अधिकृत रुग्ण म्हणून मान्यता मिळाली 2,200हून थोड्या जास्त लोकांना. नंतरच्या वेगवेगळ्या योजनांत थोडीफार मदत मिळालेले 50,000हून अधिक आहेत, आणि आपलं नाव त्यात यावं म्हणून अजूनही खटले चालू आहेत. जन्माआधी विषबाधा झालेली ती मुलं आता सत्तरीला आली. त्यांना भरवणाऱ्या आया बहुतेक गेल्या.

त्यांच्यातला कुणी खुर्चीवर बसून काठाशी आला आहे. तुम्ही त्याला दिसत नाही, पण त्याची नजर तुमच्या बाजूला वळते, नळीतून बघितल्यासारखी, मग पुन्हा पाण्याकडे जाते. पलीकडे धक्क्यावर एक पोरगा गळ टाकून बसलाय. पाणी निळं आहे, तळ दिसतो इतकं. भिंतीच्या पोलादाला खारं पाणी हळूहळू लागतंय. भिंतीच्या अलीकडे, मऊ मातीखाली, तो चिखल आहे, आणि त्या चिखलात कालवांची टरफलं, पिंपं, माशांचे काटे, एका अंगणातून धावत आलेल्या मांजराची हाडं.

तुम्ही चपला काढून हातात घेता आणि गवतावरून परत फिरता.